मुरलेल्या चहाच्या शोधात: हाँगकाँगमधले पाच दिवस

आमच्या पुण्याच्या घरी मागच्या खोलीत आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी दोन माठ आहेत. त्यांत पाण्याचा थेंबही कधी गेलेला नाही. आत पुअर चहाच्या चकत्या आहेत, कागदात गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: कुठून घेतली, कधी घेतली, शेवटची कधी चाखली. नऊ वर्षं झाली या नादाला.

ज्यांनी पुअरचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात म्यानमार आणि लाओसला लागून युन्नान प्रांत आहे. तिथल्या मोठ्या पानांचा, म्हणजे आपल्या आसामी चहाच्याच जातीचा हा चहा. पानं खुडून कढईत परततात, मळून उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दगडाखाली दाबतात आणि चकती करतात. चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधल्या की अडीच किलोची जुडी होते. या कच्च्या चहाला शंग म्हणतात. नवा शंग कडू, तुरट, हिरवट लागतो. पण नीट ठेवला तर तो मुरतो. दहा वर्षांनी वेगळा लागतो, वीस वर्षांनी आणखी वेगळा, आणि तीस वर्षांनी प्यायला तर हे तेच पान का, असा प्रश्न पडतो. मुरणं हा शब्द आपल्याकडे आहे म्हणून बरं. लोणचं मुरलेलं आणि न मुरलेलं यातला फरक ज्याला कळतो त्याला पुअर समजावायला वेळ लागत नाही.

सुरुवातीला मी फक्त वय बघायचे. सात वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या एका दुकानातून ‘नव्वदच्या दशकातली’ चकती मागवली. त्या वेळच्या मानाने भरपूर पैसे मोजले होते. उकळतं पाणी ओतलं आणि सुकटीचा वास आला. कशाचा वास, ते नंतर कळलं. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात एक पद्धत बसवली गेली. पानं ओली करून मोठा ढीग लावायचा, वरून झाकायचं, आतली धग वाढली की ढीग उलथायचा. आपण आंब्याची अढी लावतो तसंच. दीड-दोन महिन्यांत पान काळपट होतं आणि चहा मऊ उतरतो. हा शोउ, म्हणजे पिकवलेला पुअर. ताज्या शोउला त्या ढिगाचा वास असतो, काही काळाने तो उडून जातो. मला जुना शंग म्हणून जे विकलं होतं तो नवाकोरा शोउ होता. शोउ मला आवडतो, रोज सकाळी पितेही. पण जे नाही त्याचे पैसे घेतले गेले, ते फार लागलं मनाला.

तेव्हाच ठरवलं की जुना चहा घ्यायचा तर जिथे तो मुरला तिथे जाऊन, समोर बसून, पिऊन घ्यायचा. जुना पुअर मुरला तो मुख्यतः हाँगकाँगात. युन्नानात चहा बनायचा, आणि तो साठवण्याचं, मुरवण्याचं, रोज पिण्याचं काम हाँगकाँगचं. माझी मावसबहीण तिथे बारा वर्षं राहते, कामापुरती कँटोनीज बोलते. मार्चमध्ये तिच्याकडे गेले. दोन वर्षं बाजूला टाकलेले साठ हजार रुपये बरोबर होते.

दिवस पहिला

मुंबईहून रात्रीचं विमान. सकाळी बहिणीच्या इमारतीत शिरले तर जिन्यातल्या फरश्या ओल्या होत्या. मला वाटलं, आत्ताच पुसल्यात. “नाही ग ताई, भिंतींना घाम आलाय,” ती म्हणाली. थंडी सरताना दक्षिणेकडून दमट, गरम हवा येते, भिंती अजून गारच असतात, मग सगळ्या घरभर पाणी धरतं. त्याला इथे ‘वुई नाम तिन’ म्हणतात. आरसे धुरकट, कपडे वाळत नाहीत, कपाटात ठेवलेल्या चपलांना बुरशी. कोकणातल्या आषाढाची आठवण झाली. लोक अशा हवेला वैतागतात, मला मात्र ती ओली भिंत हाताने पुसताना आनंद होत होता, कारण ज्या हवेने हा चहा घडवला ती हीच.

दुपारी ती मला घराजवळच्या साध्या खाणावळीत घेऊन गेली. बसताक्षणी वाढपीमावशींनी विचारलं, चहा कुठला? बहिणीने “बोलेई” सांगितलं. पुअरचं हे कँटोनीज नाव. मोठ्या किटलीत काळाभोर चहा आला. पहिल्या चहाने सगळ्यांनी आपापल्या वाट्या आणि चॉपस्टिक विसळून घेतल्या आणि मगच प्यायला सुरुवात केली. कुणी आपला कप भरला तर दोन बोटं टेबलावर टकटक करायची, तेच धन्यवाद. किटलीतलं पाणी संपलं की झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं; हाक मारावी लागत नाही, कुणीतरी येऊन भरून जातं.

चहा साधाच होता, स्वस्त शोउ. पण वाफवलेले तेलकट पदार्थ आणि हा चहा यांचं जमतं कसं ते मला तिथे कळलं. एक घास, एक घोट, तोंड स्वच्छ. पलीकडच्या टेबलावर सत्तरीचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत एकटेच बोलेई पीत बसले होते. तासाभरात त्यांनी तीनदा झाकण सरकवलं. हाँगकाँगच्या या खाणावळींना स्वस्त, मऊ, गडद चहा रोज लागायचा. नवा शंग कडू, तो चालायचा नाही. म्हणून तो लवकर मुरवण्याच्या वाटा शोधल्या गेल्या. चहा जमवणारी माणसं फार नंतर आली, आधी हे पिणारे होते. हे मी वाचलं होतं, पण त्या टेबलावर बसल्यावर ते पटलं.

दिवस दुसरा

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

शेउंग वान हा जुना व्यापारी भाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुकी मासळी, सुकवलेले शिंपले, जिनसेंग, पक्ष्यांची घरटी. वास मसाल्याच्या गल्लीइतकाच दाट, जात वेगळी. ट्राम घंटा वाजवत जातात. याच भागात काही पिढीजात चहावाले आहेत. बहिणीच्या सासऱ्यांनी सांगितलेल्या एका दुकानात आम्ही दहाला पोचलो. दुकान अरुंद, आत खोल. एका भिंतीला पत्र्याचे मोठे डबे, दुसरीला छतापर्यंत बांबूच्या जुड्या. मालक पंचाहत्तरीचे. बहीण त्यांना “आ-बाक” म्हणाली, म्हणजे काका. मीही तेच म्हणायला लागले.

मी येताना एक मत घट्ट धरून आले होते. जमवणाऱ्यांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो चहा कोरड्या जागी, हळूहळूच मुरावा. दुसरा हाँगकाँगची जुनी पद्धत मानतो. त्या पद्धतीत चहा आधी दमट, उबदार, बिनखिडक्यांच्या वखारीत ठेवतात, जुड्यांची जागा अधूनमधून बदलतात, मग वर कोरड्या जागी आणून काही वर्षं वारा देतात. मी पहिल्या पक्षाची. वखारीतला चहा म्हणजे कुजवलेला चहा, असं मला वाटायचं. आ-बाकना मी विचारलं, कोरड्या साठवणीचा शंग आहे का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आतून दोन चकत्या आणल्या. कागद एकच, शिक्का एकच: गोलात आठ लाल ‘चुंग’ अक्षरं आणि मध्ये ‘चहा’ हे अक्षर.

“दोघे भाऊ आहेत,” बहिणीने भाषांतर केलं. “९७-९८ साली एकाच मालातून आले. एक तीन वर्षं वखारीत होता, मग माळ्यावर. दुसरा पहिल्यापासून माळ्यावरच.”

मी विचारलं, साल कुठे लिहिलंय? ते म्हणाले, लिहिलेलं नाहीच. त्या काळी चकतीवर तारीख छापत नसत. कृतीचा आकडासुद्धा कागदावर नसे. प्रसिद्ध ७५४२ घ्या. १९७५ ची कृती, चौथ्या प्रतीचं पान, शेवटचा २ म्हणजे युन्नानमधला मेंगहाय चहा कारखाना. ही माहिती व्यापाऱ्यांच्या तोंडी आणि पेटीतल्या मोठ्या चिठ्ठीवर असायची. चिठ्ठी हरवली की चकतीला पुन्हा कुणाच्या तरी शब्दाशिवाय वय नाही. “माझा शब्द घे किंवा घेऊ नकोस,” ते म्हणाले, “आधी पी.”

त्यांनी दाभण घेतलं, अगदी आपल्या पोत्याच्या दाभणासारखं, फक्त टोक जरा चपटं. चकती तोडली नाही. कडेने दाभण आत सरकवलं आणि हलक्या हाताने वर उचललं. पापुद्र्यासारखा एक थर अखंड सुटला. पान मोडायचं नाही, मोडलेलं पान चहा कडू करतं. आठ ग्रॅम वजन करून झाकणाच्या पातळ वाटीत, गायवानमध्ये, टाकलं. वाटीत जेमतेम एकशेवीस मिलिलिटर पाणी मावतं. उकळतं पाणी ओतून लगेच फेकलं, दोनदा. मग झाकण उलटं करून माझ्या नाकापाशी धरलं.

हा वखारीतला भाऊ. पहिला वास बंद वाड्याचं माजघर बऱ्याच वर्षांनी उघडावं तसा. माती, जुनं लाकूड, दमट भिंत. माझ्या मनातला पक्ष लगेच म्हणाला, बघ, सांगितलं नव्हतं? पहिला घोट गडद तपकिरी, जिभेवर मऊ, पण तो माजघराचा वास पुढे. आ-बाक काहीच बोलले नाहीत. दुसरा घोट दिला. तिसरा. तिसऱ्याला माती मागे सरली. रंग उन्हात धरलेल्या काकवीचा, कडेला लाल झाक. पाचव्या घोटाला कापूर आला. मी चमकून वर बघितलं तर ते हसत होते. देवघरातला जळता कापूर नव्हे. कापराची डबी उघडून बाजूला ठेवली आणि खोलीत नुसती गारवा असलेली जाणीव राहिली, तसा. मग घसा गोड झाला. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते तशी गोडी, खालून वर येणारी. चिनी लोक याला ‘परतणारी गोडी’ म्हणतात. इतकी वर्षं पुअर पिऊनही ती इतकी ठसठशीत मला कधी मिळाली नव्हती. सातव्या-आठव्या घोटाला पाठीत ऊब जाणवली, कपाळावर घाम आला. बाराव्याला रंग फिका पडला, पण गोडी टिकून होती, खारकेच्या पाण्यासारखी.

मग दुसरा भाऊ. वास उंच, सुंदर: वाळलेली फुलं, मध, थोडा धूर. रंग डिंकासारखा. घोट धारदार. पंचवीस वर्षांनंतरही कडवटपणा शिल्लक होता, आणि तुरटी जिभेच्या कडांना धरून बसत होती. हा चहा चांगलाच होता. पण तो अजून वाटेत होता. पहिला पोचला होता.

वापरलेली पानं आ-बाकनी दोन पांढऱ्या बशांत काढली आणि मला बोटांनी चोळायला सांगितली. वखारीतल्या चहाची पानं गडद चॉकलेटी, पण बोटांत उलगडत होती, लवचीक होती, देठ अखंड. माळ्यावरची शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची. “हे कुजलेलं नाही,” ते म्हणाले. “कुजलेलं असतं तर बोटात चिखल झाला असता, किंवा कोळशासारखं कडक राहून उलगडलंच नसतं.” मग वखारीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. कुठली जुडी खाली, कुठली वर, पाऊस किती दिवस चालला, हे सगळं त्यांच्या वडिलांना नाकाने कळायचं. एक आठवडा जास्त झाला की माल गेला. अशी वखार चालवायला जागा लागते आणि या शहरात जागेचं भाडं चहाला परवडत नाही. मार्च ते मे दुकानाच्या माळ्याची दारं ते उघडतच नाहीत, ऑक्टोबरात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की उघडतात.

चार वाजले. दोन्ही चकत्यांचे भाव विचारले: वखारीची २,६०० हाँगकाँग डॉलर, माळ्याची ३,९००. डॉलर तेव्हा साधारण अकरा रुपयांचा. बाजार आज कोरड्या साठवणीला जास्त मोजतो, म्हणून तो फरक. मी काहीच घेतलं नाही. आ-बाक म्हणाले, आज घेऊही नकोस, रात्री झोप कशी लागते बघ आणि मग ये.

झोप गाढ लागली.

दिवस तिसरा

दिवसभर झिमझिम. बहिणीला काम होतं म्हणून एकटीच हाँगकाँग पार्कमधल्या चहाच्या भांड्यांच्या संग्रहालयात गेले. फ्लॅगस्टाफ हाउस ही १८४६ ची पांढरी, रुंद ओसऱ्यांची इमारत, पूर्वी ब्रिटिश सेनापती इथे राहायचे. १९८४ मध्ये संग्रहालय झालं. व्हिटासॉय ही सोयादुधाची कंपनी काढणारे के. एस. लो यांनी आपला संग्रह दिला, त्यावर हे उभं राहिलं. तिकीट नाही. यिशिंगच्या जांभळट मातीच्या लहान किटल्यांसमोर मी तासभर होते. एक किटली तर आपल्या मुठीत मावेल एवढी, वापरून वापरून मऊ तकाकी आलेली.

१३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबारात दाबलेल्या चहाचा नजराणा बंद करून सुट्या पानांचा चहा मागवला. तिथून चीनभर सुटा चहा रूढ होत गेला आणि भांडीही बदलली. युन्नानने मात्र दाबणं सोडलं नाही. त्यांना तो चहा खेचरांच्या पाठीवर डोंगर ओलांडून तिबेटपर्यंत न्यायचा होता, आणि सुटं पान जागा फार खातं. सोयीसाठी दाबलं, वाटेत आणि वखारीत मुरलं, आणि मुरलेलंच लोकांना आवडायला लागलं.

संध्याकाळी स्टॅनले स्ट्रीटवरच्या लुक यू टी हाउसमध्ये बसले. १९३३ पासूनचं हे चहाघर. लाकडी खण, पितळी पिकदाण्या, छताला पंखे. बोलेई छान होता. आदल्या दिवशीच्या चहानंतर मात्र जीभ दुसरं काही ऐकायला तयार नव्हती.

दिवस चौथा

स्टार फेरीने कौलूनला गेलो. या फेरीचं मूळ मुंबईत आहे. मुंबईहून आलेले पारशी गृहस्थ दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांनी १८८८ मध्ये ही कंपनी काढली. त्याआधीचा मुंबई आणि या किनाऱ्याचा संबंध इतका गोड नाही. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून इकडे यायची आणि तिच्या पैशांतून इथला चहा आणि रेशीम घेतलं जायचं. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी दगडी इमारतींच्या पायात ती अफू आहे. बोट दहा मिनिटांत पलीकडे लागते. मी तेवढा वेळ गप्पच होते.

कौलूनमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक दुकान. नाव सांगत नाही. प्रशस्त, मंद दिवे, आर्द्रता दाखवणारी यंत्रं, काचेच्या कपाटात चकत्या दागिन्यांसारख्या मांडलेल्या. तरुण विक्रेता इंग्रजीत सफाईने बोलत होता. ‘८८ छिंग’ या नावाजलेल्या जुन्या पुअरची गोष्ट त्याने सांगितली, ती मला ठाऊक होती. हाँगकाँगचे चहावाले व्हेस्पर चान यांनी १९८९ ते ९२ च्या सुमाराच्या ७५४२ च्या चकत्या घेऊन कोरड्या ठेवल्या. ८८ हा शुभ आकडा, साल नव्हे. आज त्यातली एक चकती लाखांत जाते. याच नावावर बाजारात किती बनावट माल फिरतो याला गणती नाही. २००७ मध्ये पुअरचे भाव आकाशाला भिडले होते आणि त्याच वर्षी कोसळले, कितीजणांच्या घरात खोकी पडून राहिली. पण चांगल्या जुन्या मालाचे भाव नंतर पुन्हा चढले, आणि बनावट करणाऱ्यांचा हातही सुधारला.

“तुमच्यासाठी एक गोष्ट आहे,” म्हणत त्याने आतून चकती आणली. नव्वदच्या सुरुवातीची ७५४२, कोरडी साठवण, ५,००० डॉलर. माझ्याकडे होते त्यात बसत होतं. छातीत धडधड सुरू झाली, खरं सांगते. नऊ वर्षं ज्या नावाची स्वप्नं बघितली ते हातात होतं. त्याने बरणीतून सुटा तुकडा काढून चहा केला आणि चहा खरोखर सुरेख होता.

बहीण हळूच म्हणाली, “ताई, तुकडा बरणीतला आहे, चकतीतला नाही.”

तिथे मी थांबले. चकतीचा कागद उघडू का, विचारलं. त्याने उघडू दिला. बाहेरून कागद पिवळा, ठिकठिकाणी तेलकट डाग, कसरीने खाल्लेली भोकं. पण चहाचं तेल पानातून कागदात उतरतं, म्हणजे डाग आतल्या बाजूला गडद हवेत आणि बाहेर फिके. इथे उलटं होतं. बाहेर गडद, आत जवळजवळ कोरं. भोकं फक्त वरच्या पदरावर. मागच्या बाजूला कागद चुण्या घालून दुमडलेला असतो, त्या चुण्यांच्या आत, जिथे कसर हमखास शिरते, तिथे एकही नाही. आणि भाव. खरी असती तर या पैशात कुणी दिली असती? मी विचारलं, याच जुडीतली दुसरी फोडलेली चकती आहे का, तिच्यातला चहा पाजता का? नाही म्हणाला. सबंध चकतीची किंमत जास्त असते, ती कुणी फोडत नाही, हे त्याचं म्हणणं रास्तच आहे. पण मग मी तरी कशाच्या भरवशावर घ्यावी?

नको म्हणून बाहेर पडले. परतीच्या बोटीवर डोळे भरून आले. बहिणीने काही विचारलं नाही, नुसता हात धरून बसली. ती चकती खरी असण्याची शक्यता अगदीच नव्हती असं नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. रात्री कितीतरी वेळ त्या बरणीतल्या चहाची चव आठवत राहिले. मग कधीतरी त्या चवीवर कापूर चढला आणि मला कळलं की उद्या कुठे जायचं.

दिवस पाचवा

सकाळी दहाला शेउंग वान. आ-बाक दार उघडतच होते. आम्हाला बघून त्यांनी काही न विचारता पाणी चढवलं.

मी सांगितलं, वखारीतल्या दोन हव्यात. एक प्यायला, एक ठेवायला. त्यांनी विचारलं, तुमच्या गावची हवा कशी? मी सांगितलं: जून ते सप्टेंबर दमट, एप्रिलमध्ये इतकी कोरडी की टाचा फुटतात. त्यांनी मान हलवली. माळ्यावरचा भाऊ तुमच्याकडे झोपून जाईल, म्हणाले. कोरड्या हवेत चहा मुरायचा थांबतो आणि नुसता वाळतो. हा झालेला आहे, याला आता फक्त शांत जागा हवी. हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मी चकती कुठे मुरली ते शोधत होते, पुढे ती कुठे राहणार हे धरतच नव्हते.

दोन्ही चकत्या त्यांनी माझ्यासमोर उघडल्या. कागदाची आतली बाजू दाखवली, गडद डागांची. पानांत दाबलेली लहान चिठ्ठी दाखवली, जिच्या कडा पानांखाली गेलेल्या होत्या. एकीच्या कडेचा कण काढून पुन्हा चहा केला. तोच माजघराचा वास, मग तोच कापूर. ५,२०० डॉलर मोजून दिले. त्यांनी नोटा न मोजता खणात टाकल्या आणि माळ्यावरच्या चहाचा एक मूठभर तुकडा कागदात बांधून वर ठेवला. “दोघांना वेगळं करू नये,” म्हणाले.

निघताना तीन गोष्टी बजावल्या. विमानातून गेलेला चहा थकतो, महिनाभर हात लावायचा नाही. मसाल्यांजवळ ठेवायचा नाही. आणि प्यायच्या चकतीचा तुकडा आधी सुटा करून, न चकाकणाऱ्या मातीच्या भांड्यात पंधरा दिवस ठेवायचा, म्हणजे वखारीचा वास निवळतो. मी वाकून नमस्कार केला. ते गडबडले, मग त्यांनीही हात जोडले.

घरी

लोणच्याच्या बरण्या दुसऱ्या दिवशीच माठांपासून हलवल्या. आईने कुरकुर केली, पण ऐकलं.

महिना-दीड महिन्याने, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, पहिल्यांदा तो चहा केला. आई दूध-साखरेशिवाय चहाला चहा म्हणत नाही. तरी वाटी पुढे केली तर तिने घेतली, नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच राहिली.

“पेव,” ती म्हणाली.

तिचं माहेर सोलापूरकडचं. लहानपणी त्यांच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, वर दगड आणि माती. उन्हाळ्यात ते उघडायचे तेव्हा आधी कंदील आत सोडायचे. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. मग जो वास वर यायचा, तो हा. त्या ज्वारीची भाकरी जरा लालसर व्हायची आणि तिला वेगळीच गोडी असायची, असं ती सांगत होती. हे तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मी पाचवा घोट दिला, सहावा दिला. पानं बदलायला उठले तर तिने गायवानवर हात ठेवला.

“टाकू नकोस, अजून पुष्कळ निघेल त्यातून.”